आबा माझ्या वर्गात होते

माझे वडील कोल्हापूरच्या स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. 'मलकापूरमार्गे रत्नागिरीकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी.' लहानपणी आईचा हात धरून मी स्टँडवर शिरायची तेव्हा आधी त्यांचा आवाज भेटायचा आणि मग कधीतरी, काचेच्या खिडकीमागं, ते स्वतः. मला वाटायचं, गाड्या त्यांच्या आवाजानंच हलतात. त्यांच्याकडं मराठीही दोन होत्या. एक त्या खिडकीतली, इस्त्री केलेली. दुसरी आमच्या गडमुडशिंगीच्या घरातली, अंगणात उभं राहून शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

ते निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात माझं बी.ए. संपलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. वकिली शिकायची सोय शहरात आधीपासून होती, पण त्या वर्षी सरकारनं आणखी एक कॉलेज मंजूर केलं. नवंकोरं, सरकारी, सगळ्यांसाठी. पेपरात छोटी जाहिरात आली. आबांनी ती मला वाचून दाखवली, त्या खिडकीतल्या मराठीत, आणि दुसऱ्या दिवशी माझा अर्ज आणायला शहरात गेले. दुपारी परत आले तेव्हा आई बाहेरच्या सोप्यात गहू निवडत बसली होती.

"आणला का पोरीचा फारम?"

"आणला की. तिचा बी आणि माझा बी."

आईचा हात सुपात थांबला. "तुमचा कशाला?"

"मी बी बी.ए. हाय की. बाहेरनं परीक्षा दिलती न्हवं?"

"अवो, नातवंडं खेळवायच्या वयात शाळंत जाणार व्हय?"

"नातवंडं हायत कुटं अजून?" असं म्हणून आबा हातपाय धुवायला गेले. आई माझ्याकडं बघत राहिली, जणू हे मीच त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

आमच्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक घरात भिंतीवर एकच तसबीर असायची. सुटाबुटातली, हातात जाड पुस्तक. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा आबा मॅट्रिकला होते. त्या तसबिरीखाली बसून अभ्यास करताना आपणही कायदा शिकायचा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मग नोकरी लागली, मग बहिणींची लग्नं, मग स्वतःचं, मग मी. यातलं एक अक्षर त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी आईनं सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. "तुज्या बापाला वकील व्हायचं हुतं," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

कॉलेजला स्वतःची इमारत नव्हती. महापालिकेच्या एका प्राथमिक शाळेतले दोन वर्ग सकाळपुरते मिळाले होते. मुलं यायच्या आत आम्ही आटपायचं. पहिल्या दिवशी आम्ही आत गेलो तर सगळी बाकं पहिली-दुसरीच्या पोरांची. मिशावाले, साडीवाल्या, एक नोकरीत असलेले फौजदार, दोन-तीन मास्तर, सगळे गुडघे छातीशी घेऊन बसलेले. भिंतीवर पाढे, मुळाक्षरं, आणि एका चित्रात हत्ती, त्याला कुणीतरी खडूनं चष्मा काढलेला. आबा शेवटच्या बाकावर बसले. मी पुढं, मुलींच्यात. घरातून निघतानाच आमचं ठरलं होतं की वर्गात कुणी कुणाला ओळख द्यायची नाही. हजेरीत दोघांचं एकच आडनाव लागोपाठ आलं आणि माझ्या नावात मधलं नाव म्हणून आबांचंच नाव निघालं, तेव्हा वर्गानं आधी मागं बघितलं, मग पुढं, आणि मग सगळे हसले. आमचं गुपित पाच मिनिटंसुद्धा टिकलं नाही.

हजेरी घेणाऱ्या बाईच आमच्या प्राचार्य होत्या. नेसरीकडच्या, व्यापारी लिंगायत घरातल्या. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि शिकवताना दोन्हींच्या मधलं काहीतरी गोड. एखादं उत्तर पटलं की त्या नकळत "हौदु" म्हणायच्या. होय म्हणजे त्यांचं कन्नड होय. तो 'हौदु' मिळावा म्हणून आम्ही सगळे जिवाचं रान करायचो. त्यांनी चष्म्यावरून आबांकडं पाहिलं, आणि वयानं लहान असूनही न अडखळता म्हणाल्या, "अण्णा, तुम्हाला मागं दिसतंय का? नाहीतर पुढं या बघू."

"दिसतंय की मॅडम. ऐकू बी येतंय."

त्या दिवसापासून ते सगळ्या वर्गाचे अण्णा झाले. फौजदारसुद्धा त्यांना अण्णा म्हणायचे. मी मात्र त्यांना वर्गात काहीच म्हणायची नाही.

पहिल्या तासाला बाईंनी कायदा शिकवलाच नाही. त्या म्हणाल्या, "आपल्याकडं भिंती नाहीत, पुस्तकं थोडी आहेत, आणि शिकवणारे मला धरून तिघं. पण कॉलेज म्हणजे काय हो, आज तुम्ही इथं आलात ना, झालं सुरू." एवढं बोलून त्यांनी खिडकी उघडली. बाहेर शाळेचं पटांगण ओलं होतं आणि एक शेळी घसरगुंडीखाली उभी होती.

आज मागं वळून पाहताना ती तीन वर्षं मला सलग दिसत नाहीत. धुक्यातून एखादं झाड पुढं यावं तशी एकेक सकाळ पुढं येते आणि परत आत जाते. आबांच्या मोपेडवर मी मागं बसलेली, दोघांची पुस्तकं एकाच पिशवीत माझ्या मांडीवर. हिवाळ्यात गावाबाहेर पडलं की रस्ता दिसायचा नाही. गुऱ्हाळांचा धूर धुक्यात मिसळून सगळ्या हवेलाच गुळाचा वास यायचा. समोरून उसाची बैलगाडी आली तर आधी घुंगरं ऐकू यायची, मग अगदी जवळ आल्यावर बैलांची तोंडं. आबा गाडी चालवता चालवता कलमं म्हणायचे, एकामागून एक, तोंडपाठ, स्टँडवरच्या आवाजात. मला मागं डोळे मिटून वाटायचं, कराराचा भंग नावाच्या गावाला जाणारी एक गाडी लागलेली आहे आणि आम्ही दोघं तिच्यात बसलोय.

पुस्तकं कुणाकुणाकडून जमली. शहरातल्या जुन्या वकिलांनी दिली, काही वकिलांच्या माघारी त्यांच्या घरच्यांनी दिली. त्या पुस्तकांना तपकिरीचा आणि कापराचा वास असायचा. ठेवायला जागा नव्हती म्हणून शाळेच्या हेडमास्तरांनी विज्ञानाचं कपाट दिलं. त्यात वरच्या कप्प्यात आमचे निवाड्यांचे खंड आणि खाली मुलांना दाखवायचा हाडांचा सापळा. पुस्तक काढायला वाकलं की त्याचा हात आपल्या हाताला लागायचा. सुरुवातीला आम्ही मुली दचकायचो, नंतर सवय झाली.

दुसऱ्या वर्षी बाईंनी अभिरूप न्यायालय भरवायचं ठरवलं. म्हणजे खोटा खटला, पण वाद खरा घालायचा. खटला त्यांनी असा काढला: एक म्हातारा बाप, कमाई नाही, बायको गेलेली, मुलगा नाही. एकच मुलगी, लग्न झालेली आणि स्वतः नोकरी करणारी. बाप कोर्टात येऊन मुलीकडं पोटगी मागतो. त्याला ती मिळावी की नाही?

बाजू ठरवायला चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. मी उचलली, माझ्याकडं बापाची वकिली आली. आबांनी उचलली. मुलीची वकिली.

वर्गात हशा उसळला. बाई म्हणाल्या, "बदलून देऊ का अण्णा?"

"नको मॅडम," आबा म्हणाले. "आलीय ती आलीय."

पुढचे पंधरा-वीस दिवस आमच्या घरात दोन कोर्टं होती. आबा सोप्यात बसायचे, मी आतल्या खोलीत. कपाटातून आणलेलं पुस्तक एकच होतं, ते सकाळी त्यांच्याकडं आणि संध्याकाळी माझ्याकडं. आई मधनं चहा घेऊन फिरायची. आबा तिला विचारायचे, "काय लिवतीय गं ती आत?" मी विचारायची, "काय म्हणत होते गं आबा?" आई दोघांनाही सांगायची नाही. एकदा वैतागून दारातच उभी राहिली आणि दोन्ही खोल्यांना ऐकू जाईल असं बोलली, "माज्या घरात बाप-लेकीचा दावा लागलाय! गावात कळलं तर काय म्हणतील?" आबा सोप्यातनं म्हणाले, "साक्षीला तुलाच बोलावणार हाय." आई हसली नाही. मोपेडवरही आम्ही त्या दिवसांत गप्प असायचो. कलमं म्हणणंसुद्धा त्यांनी बंद केलं होतं, मला काही सापडू नये म्हणून.

शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये खटला चालला. न्यायाधीश म्हणून खरेच निवृत्त जिल्हा न्यायाधीश आले होते, पांढरे केस मागं फिरवलेले, फार हळू बोलणारे. आबांनी कुणाचा तरी काळा कोट मागून आणला होता. बाह्या आखूड होत्या. मी आधी बोलले. बाप म्हातारा झाला, त्यानं वाढवलं, शिकवलं, मुलगी कमावती आहे, कायदा आईबापांना उपाशी ठेवत नाही.

मग आबा उठले. आणि हॉलमध्ये स्टँडवरचा आवाज आला.

"महोदय, कायद्यात शब्द आहे, 'त्याचे वडील'. 'तिचे वडील' असा शब्द नाही. पण मी केवळ शब्दावर थांबणार नाही. माझ्या अशिलाचं लग्न झालं त्या दिवशी याच वडिलांनी तिला सांगितलं, आता ते तुझं घर. वाटणीची वेळ आली तेव्हा हेच म्हणाले, मुलगी परक्या घरची. ती परक्या घरची असेल, तर आज भुकेच्या वेळी ती आपली कशी झाली?"

कुणी हललं नाही. खिडकीशी शाळेतली पोरं लवकर येऊन नाकं दाबून उभी होती, तीसुद्धा. मला माहीत होतं की आबा हे खटल्यातल्या बापाबद्दल बोलताहेत. तरी मला त्यांच्या बहिणी दिसल्या, माझ्या आत्या, लग्न करून दिलेल्या. आणि असंही वाटलं की हे सगळं ते कितीतरी वर्षं त्या काचेच्या खिडकीमागं बसून मनात मांडत आले असतील.

उत्तराला मी उभी राहिले तेव्हा माझ्या हातातले कागद मला वाचता येईनात. मी ते खाली ठेवले. "कायद्यातल्या 'तो' मध्ये 'ती' सुद्धा येते," मी म्हणाले. "वारसा मागताना येते, तर जबाबदारी घेतानाही येऊ दे. माझ्या अशिलानं चूक केली असेल. त्यानं मुलीला परकी म्हटलं असेल. आज तो कोर्टात येऊन तिला आपली म्हणतोय. बापानं मुलीकडं मागण्यात लाज नाही, महोदय. मुलीला मुलगा मानल्याशिवाय तो मागूच शकणार नाही."

मागून, अगदी बारीक, "हौदु" ऐकू आलं.

निकाल माझ्या बाजूनं लागला. न्यायाधीश म्हणाले, कायदा या तरुण वकीलबाईंच्या बाजूनं आहे, पण वाद त्या गृहस्थांचा लक्षात राहील. टाळ्या झाल्या. आबांनी सगळ्यांसमोर पुढं येऊन माझ्याशी हात मिळवला, वकील वकिलाशी मिळवतो तसा. त्यांचा तळवा गार पडला होता.

परत येताना उचगावच्या पुढं आबांनी मोपेड झाडाखाली थांबवली. मला वाटलं, पेट्रोल संपलं. ते उतरले आणि शेताकडं बघत उभे राहिले.

"चांगली बोललीस," ते म्हणाले. "पर एक मला पटलं न्हाय. मागायला लाज न्हाय म्हणालीस. मला वाटंल लाज. मी न्हाय मागणार कधी."

"तुम्हाला मागायची वेळच येणार न्हाय, आबा," मी म्हणाले. कॉलेजात शिकलेली सगळी मराठी त्या क्षणी कुठं गेली कोण जाणे.

उसावरून वारा गेला, लांबपर्यंत सळसळ झाली. मग त्यांनी गाडीला किक मारली.

शेवटच्या वर्षी सरकारकडून कॉलेजला जागा मिळाली, शहराबाहेरच्या माळावर. बाईंनी सगळ्यांना ती बघायला नेलं. सकाळची वेळ, डिसेंबर असावा, धुकं इतकं की शेजारचा माणूस पुसट दिसत होता. बघायला काहीच नव्हतं. पिवळं पडलेलं गवत, दगड, आणि कुठंतरी वर चंडोल. पण बाईंना सगळं दिसत होतं. शालीतून हात काढून त्या सांगायला लागल्या. इथं व्याख्यानाचा हॉल, इथं मुलींची खोली, इथं कोर्टरूम, न्यायाधीशाचं आसन पूर्वेला. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आम्हालाच एकेक जागी उभं केलं. फौजदार दारात. आम्ही मुली कोर्टरूमच्या चार कोपऱ्यांना. "अण्णा, तुम्ही ग्रंथालय," त्या म्हणाल्या, आणि आबा चालत गेले, धुक्यात शिरले, दिसेनासे झाले. तिथून त्यांचा आवाज आला, "हितं का मॅडम?" "अजून थोडं मागं!" "हितं?" "हौदु!"

आम्ही तसे उभे राहिलो. मला अजून ती शांतता आठवते. मी एका भिंतीचा कोपरा होते, आणि पलीकडं पांढऱ्या हवेत माझे वडील ग्रंथालय होऊन उभे होते. आमच्यामधून घंटांचा आवाज करत मेंढरं आली. कोर्टरूममधनं, हॉलमधनं, मुलींच्या खोलीतनं, सगळीकडनं. त्यांच्यामागं घोंगडं घेतलेला धनगर. त्यानं आम्हाला असं लांब लांब खांबासारखं उभं असलेलं पाहिलं आणि थबकला.

"पावणं, काय हरवलंय का?"

"न्हाय, कॉलेज बांधायचंय," फौजदार म्हणाले.

"हितं?" त्यानं चौफेर बघितलं. "वारं लई हाय की."

तो निघून गेला आणि बाई पदरात तोंड लपवून हसत बसल्या, खाली दगडावरच. त्यांना इतकं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

आम्ही दोघं पास झालो. मला पहिला वर्ग मिळाला, आबांना दुसरा. आईनं गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात मुद्दाम सांगितलं की घरातनं दोन वकील निघालेत. आबांनी सनद घेतली, आपल्या मापाचा कोट शिवला आणि कोर्टात जायला लागले. मी एल.एल.एम.साठी पुण्याला गेले. तिकडून परत आले तोवर नवं शतक लागलं होतं आणि माळावर दोन मजले उभे राहिले होते. मी तिथंच शिकवायला लागले.

बाई त्याआधीच निवृत्त होऊन नेसरीला गेल्या होत्या. पहिला मजला होताना त्या होत्या, पण त्यात शिकवणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. नव्या इमारतीत वर्ग सुरू झाले त्या आठवड्यात मी आणि आबांनी त्यांना बोलावलं. त्या आल्या, भिंतींना हात लावत खोलीखोलीतनं फिरल्या. खाली आल्यावर आबांना म्हणाल्या, "तुम्हाला उभं केलेलं ते कुठं आलं अण्णा?" आबांनी बराच शोध घेतला. अंदाजानं पावलं टाकली, पुढं मागं झाले. शेवटी जिथं थांबले तिथं विद्यार्थ्यांच्या सायकली लावल्या होत्या. ग्रंथालय दुसऱ्याच बाजूला गेलं होतं. बाईंनी एका सायकलीच्या सीटवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "असू दे. उजेड तिकडं बरा आहे."

आबांची वकिली चार-पाच वर्षं चालली. मोठे खटले त्यांच्याकडं आले नाहीत. बांधाचे, नोंदीचे, भांडणांचे आले. लोक त्यांना आवाजावरनं ओळखायचे, म्हणायचे, तुम्ही स्टँडवर होता न्हवं? मग त्यांना कमी ऐकू यायला लागलं. एकदा न्यायाधीशांनी काहीतरी विचारलं आणि आबांनी भलतंच उत्तर दिलं. कोर्ट हसलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी कोट कपाटात ठेवला आणि आईला एवढंच म्हणाले, "आता बास." आठवडाभर तिनं त्यांच्या आवडीचंच रांधलं.

मला वाटलं, आता ते खचतील. पण आमच्या कॉलेजात शनिवारी मोफत सल्ल्याचं केंद्र सुरू झालं होतं, आजूबाजूच्या खेड्यांतनं लोक यायचे. एका शनिवारी मी त्यांना सोबत नेलं, नुसतंच. आणि तिथं एक गोष्ट लक्षात आली. न्यायाधीश हळू बोलतात. आमच्याकडची माणसं तसं बोलत नाहीत. समोर बसलेला माणूस शेजाऱ्यानं शेताचा बांध कोरल्याचं सांगायला लागला की पार फाटकापर्यंत ऐकू जातं. आबांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"हितं बरं वाटतं," ते म्हणाले. "हितं कुणी कुजबुजत न्हाय."

मग ते दर शनिवारी यायला लागले. बाजूला माझे विद्यार्थी बसायचे, ते लिहून घ्यायचे, आबा ऐकायचे आणि समजावून सांगायचे. मलकापूरकडनं एक बाई आली होती, नवरा वारला तरी सात-बाराच्या उताऱ्यावर तिचं नाव चढत नव्हतं. तिनं भडाभडा सगळं सांगितलं, मध्येच रडली, मध्येच दिराला शिव्या दिल्या. आबांनी तिला पूर्ण बोलू दिलं. कुठल्या कचेरीत जायचं, काय मागायचं, नाही म्हणाले तर काय म्हणायचं, हे त्यांनी तिच्याकडनं पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. ती पदरानं डोळे पुसून उठली आणि माझ्याकडं बोट करून त्यांना विचारलं, "ह्या बाई तुमच्या हाताखाली हायत व्हय?"

"न्हाय," आबा म्हणाले. "मी त्यांच्या हाताखाली हाय."

ती गेली. ऊन खोलीत तिरपं आलं होतं, बाहेर माळावरचा वारा नव्यानं लावलेल्या रोपांना वाकवत होता. विद्यार्थी जेवायला गेले. आबा खुर्चीत मागं टेकले, हात पोटावर घेतले आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला. तोंड थोडं उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. माझा तास होता. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला, वारा लागू नये म्हणून खिडकी ओढून घेतली आणि वर्गाकडं निघाले.